धामणमाळावरची तीन शून्यं

आफरीनच्या वहीत तीन शून्यं होती आणि तिन्हींचा तिला मोठा अभिमान होता.

वही साधीच होती, शाळेत हजेरीला असते तशी लांबट. रकाने मात्र तिनं स्वतः पट्टी धरून आखलेले. तारीख, वेळ, वारा, गवताची उंची, पक्षी, जनावरं आणि अगदी कडेला ‘माणसं’. पाच नोव्हेंबरला त्या कडेच्या रकान्यात शून्य. बाराला शून्य. एकोणीसला पुन्हा शून्य. पक्ष्यांच्या रकान्यात मात्र जागा पुरेना म्हणून ती समासात शिरली होती. चंडोल, खाटीक, टिटवी आणि धाविक. धाविकखाली तिनं तिन्ही वेळा रेघ मारली होती, तिसऱ्या वेळी दोनदा.

धाविक उडण्यापेक्षा पळण्यात रमणारा पक्षी. विटेच्या रंगाचं अंग, डोळ्यावरून एक काळी आणि एक पांढरी पट्टी, पांढुरके उंच पाय. पळतो, थबकतो, जमिनीत चोच मारतो, पुन्हा पळतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा आफरीनच्या तोंडून “या अल्लाह!” निघालं, आणि त्या आवाजानं तो पळाला म्हणून तिनं स्वतःच्याच तोंडावर हात मारून घेतला.

तिला धामणमाळावर पाठवलं होतं ते पक्षी बघायला नव्हे. कन्नड तालुक्यातल्या धामणवाडी गावाच्या वर साठ एकरांचा हा माळ. तिथं एक कंपनी सौर प्रकल्प बसवणार होती. कंपनीला कर्ज देणाऱ्या संस्थेची अट अशी, की काम सुरू होण्याआधी प्रकल्पाचा परिणाम तपासायचा. तपासण्या दोन. हवा, पाणी, माती, झाडं, पशुपक्षी यांच्यावर काय होईल ती पर्यावरणाची. आणि माणसांच्या जगण्यावर, कामावर, हक्कांवर काय होईल ती समाजाची. मोठ्या प्रकल्पांत दोन्ही होतात. हा प्रकल्प लहान, वेळही थोडा. म्हणून संस्थेनं सांगितलं होतं की जागा पाहून आधी एक टिपण द्या. ज्या बाजूचा परिणाम मोठा वाटेल तिचा आठ महिने सखोल अभ्यास करा, दुसऱ्या बाजूवर एक पान पुरे.

हे टिपण लिहायचं काम शहराच्या उस्मानपुरा भागातल्या एका छोट्या सल्लागार कार्यालयाकडे आलं होतं. कपड्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, मागं पाणी तपासायची प्रयोगशाळा, आणि या सगळ्याच्या मालकीण सोनिया मॅडम. मॅडम कमी बोलत. बोलल्या की समोरच्याला उभ्या उभ्या परीक्षेला बसल्यासारखं वाटे.

“आफरीन, या वेळी टिपण तू लिही,” त्या महिन्याच्या सुरुवातीला म्हणाल्या होत्या. “मला वर एक शब्द हवाय. पर्यावरण किंवा समाज. खाली कारणं. सही तुझी. अठ्ठावीस तारीख, संध्याकाळचे पाच.”

“आणि पर्यावरण आलं तर अभ्यास कोण करणार, मॅडम?”

“तूच. दुसरं कोण आहे माझ्याकडे? समाज आलं तर गजाला.”

गजाला म्हणजे शेजारच्या टेबलावरची. समाजकार्यात पदवी, आफरीनपेक्षा दोन वर्षांनी मोठी, जीभ मात्र वीस वर्षांनी पुढं. समाज आलं तर गजाला माळावर जाणार आणि आफरीन पुन्हा मागच्या खोलीत, वाळूजच्या कारखान्यांतून येणाऱ्या सांडपाण्याच्या बाटल्यांपाशी. एम.एस्सी. झाल्यापासून दीड वर्ष ती त्या बाटल्या हुंगत होती. आठ महिने उघड्या माळावर, स्वतःच्या चौकटी, स्वतःच्या नोंदी, स्वतःचा धाविक! या एका विचारानं ती पहाटे गजर व्हायच्या आधी उठत होती.

आणि आता हाताशी तीन शून्यं. माणूस नाही म्हणजे समाज नाही. समाज नाही म्हणजे पर्यावरण. गणित इतकं स्वच्छ सुटलेलं तिनं कॉलेजातही पाहिलं नव्हतं.

त्यात माळानं तिच्यापुढं एक कोडंही टाकलं होतं. माळावर पवन्या गवत कमरेएवढं वाढलेलं, पण मधेच मोठमोठे तुकडे असे, की तिथं गवत घोट्याच्याही खाली. तिनं प्लास्टिकच्या नळ्यांची एक मीटरची चौकट टाकून चाळीस ठिकाणी उंची मोजली. सहा सेंटिमीटर, फार तर सात. हा सारखेपणा पाहून ती थक्क झाली. त्याहून नवल म्हणजे या तुकड्यांच्या कडा सरळ होत्या. निसर्गात सरळ रेघ सहसा नसते, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मग तिनं दोन रात्री डोकं लावून उत्तर काढलं. माळाखाली काळ्या पाषाणाच्या उभ्या भिंती असणार. भिंतींच्या कडेनं ओल धरते, तिथलं गवत गोड, म्हणून रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप नेमकं तेवढंच चरतात. टिपणाच्या कच्च्या मसुद्यात या सिद्धांताला तिनं चार पानं दिली होती. सोबत नकाशा. नकाशात तीन रंग.

“रोही पाहिलास तू तिथं?” गजालानं मसुदा चाळताना विचारलं.

“नाही. भित्री जनावरं आहेत. पण खाल्लेलं दिसतंय ना!”

“आणि माणूस एकही नाही?”

“तीन वेळा गेले. तीन वेळा शून्य. गावातसुद्धा चिटपाखरू नाही. पारावर फकिरा नावाचे एक आजोबा झोपलेले असतात, बस्स. उठवून विचारलं, तर तेही म्हणाले, माळावर कोण नसतंय.”

“अगे, गाव है या कब्रस्तान?” गजाला म्हणाली. “गावात माणसं नसतात असं मी पहिल्यांदा ऐकतेय.”

“शेतावर जात असतील.”

“तुझ्या टिपणाला एक पान माझंही लागतं. मॅडमनी सांगितलंय, बघून आल्याशिवाय लिहायचं नाही. चल, परवा जाऊ. सव्वीसला.”

पण सव्वीसला गजालाच्या चुलत बहिणीची मंगनी निघाली, आणि जाणं सत्तावीसवर गेलं. आफरीन कुरकुरली. टिपण अठ्ठावीसला द्यायचं, आणि आदल्या दिवशी कन्नडची धूळ खायची. तरी एक धाविक अजून पाहायला मिळेल, या आशेवर ती दुर्बीण गळ्यात अडकवून सकाळी सहाला बसस्थानकावर हजर झाली.

कन्नडला एसटीतून उतरल्यावर नेहमीचा जीपवाला दिसेना. मागच्या तिन्ही वेळी कडूबाभाऊची जीप साडेनऊला धामणवाडीकडं रिकामीच निघे. आफरीन पुढच्या सीटवर ऐसपैस बसून जाई. आज ती जीप कुठंच नव्हती. चहाच्या टपरीवर विचारलं तर टपरीवाला म्हणाला, “तिकडची जीप व्हय? बसा. बारा वाजतील.”

“बारा? नेहमी साडेनऊला असते की!”

टपरीवाल्यानं तिच्याकडं असं पाहिलं जणू तिनं सूर्य पश्चिमेला का नाही असं विचारलंय. त्यानं फोन लावून कडूबाला बोलावलं. अर्ध्या तासानं कडूबाभाऊ आला, पन्नाशीचा, डोक्याला रुमाल, तोंडात अर्धवट हसू.

“म्याडम, आज कशा काय तुमी? आज स्पेशल भाडं पडंल, जायचं आन् यायचं बी.”

“भाऊ, बाकीच्या वेळी तर तुम्ही तशीच रिकामी नेत होता.”

“बाजारादिवशी नेत हुतो. सकाळच्याला दोन खेपांत समदं गाव आनायचं कन्नडला, आन् मंग भाकरी खायाला जीप रिकामीच गावाकडं न्यायची. तुमी आपल्या वाटंवरच्या. आज बाजार कुठंय?”

गजालानं हळूच आफरीनच्या हातातली वही घेतली. पहिलं पान, दुसरं पान, तिसरं पान.

“पाच,” ती म्हणाली. “बारा. एकोणीस.”

सात दिवस. पुन्हा सात दिवस. तीन वेळा ती गेली होती, आणि तिन्ही वेळा बाजाराच्या दिवशी, कारण त्याच दिवशी जीप मिळत होती. ज्या जीपनं गाव उपसून बाजारात आणलं, त्याच जीपमधून ती गाव रिकामं आहे का ते मोजायला गेली होती.

“भाऊ,” तिनं विचारलं, “माळावर लोक येतात का?”

“धामनमाळावर?” कडूबानं गिअर टाकला. “चला की, दावतोच.”

रस्ताभर गजाला वहीतली तीच तीन पानं उलटत राहिली. तिचं हे पानं उलटणं टोमण्यापेक्षा अवघड होतं. आफरीन मनातल्या मनात स्वतःला समजावत होती, की येत असतील चार-पाच जण, सरपणाला, गुरं वळायला. चार-पाच म्हणजे तसं शून्यच. खुणेपुरती दुरुस्ती करता येईल.

जीप शेवटचा चढ चढली आणि आफरीन सीटवरून अर्धी उठली.

माळ माणसांनी भरला होता.

लाल, हिरव्या, जांभळ्या लुगड्यांचे ठिपके या टोकापासून त्या टोकापर्यंत. बायका ओळीनं बसून गवत कापत होत्या, मागं पेंढ्यांच्या रांगा पडत होत्या. दोघीतिघी सलवार-कमीजवरून ओढणी कमरेला बांधलेल्या. कापून झालेल्या तुकड्यावर शेळ्या. कुणाचा रेडिओ, कुणाची भांडणं, कुणाचं खो-खो हसणं. आफरीननं सवयीनं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... एकेचाळीसला पोचली तेव्हा तिला जाणवलं की आपण मोठ्यानं मोजतोय.

“बेचाळीस,” मागून गजाला म्हणाली. “ती बाभळीखाली डबा सोडतेय, तिला धरलं नाहीस.”

त्यांना पाहून एक साठीची बाई उठली. अंगानं काटक, हातात विळा, कपाळावर गवताचा भुसा. ही मुक्ताबाई. तिनं दुर्बिणीकडं पाहिलं, मग आफरीनकडं.

“काचा बसवनाऱ्या म्याडम का तुमी?”

“नाही मावशी. सौर प्रकल्पाच्या काचा बसवायच्या का, बसल्या तर काय होईल, ते बघणारे आम्ही.”

“मंग बरं झालं आलात. बसा. पानी प्या.”

आफरीनला पाणी सुचत नव्हतं. ती त्या कापलेल्या तुकड्यापाशी गुडघ्यावर बसली होती. ताजा काप. बुडखे सगळे एका उंचीचे. तिनं खिशातून पट्टी काढून लावली. सहा सेंटिमीटर.

“मावशी, हे तुम्ही कापता? हे सगळं?”

“मंग कोन कापतंय?”

“मला वाटलं...” आफरीन अडखळली. सांगू नये असं वाटत होतं, पण ज्याच्या नोंदी चुकल्या त्यानं त्या सांगाव्यात, हे तिच्या अंगात मुरलेलं. “मला वाटलं रोही चरतात.”

मुक्ताबाईनं विळा खाली ठेवला. मग मागं वळून ओरडली, “अगं ए द्वारके! या बाई म्हनत्यात आपलं गवात रोही खातोय! रोही इळा घेऊन येतो व्हय गं?”

हशा उसळला तो माळाच्या पार त्या टोकापर्यंत गेला. एकीनं विळा डोक्याला शिंगासारखा लावून दाखवला. गजाला हसता हसता खाली बसली. आफरीनचे कान तापले, आणि मग तिलाही हसू फुटलं. चार पानं आणि तीन रंगांचा नकाशा!

हसणं ओसरल्यावर मात्र तिच्या डोक्यात जे सुरू झालं त्याला थांबा नव्हता.

“पण मावशी, कडा सरळ कशा?”

“वाटे हायेत ना. नवरात झालं की समद्या बाया जमतो, कासऱ्यानं माळ मोजतो. कोपऱ्याला चुना लावलेला दगड. मंग चिठ्ठ्या टाकायच्या. जिला जो वाटा निघंल तो तिचा, होळीपस्तोर. दुसरीच्या वाट्यात इळा घालायचा नाय.”

चुना लावलेले दगड! आफरीननं ते नोंदवले होते. ‘कंपनीच्या मोजणीच्या खुणा’ असं लिहिलं होतं. अठ्ठावीस दगड, प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश घेतले होते.

“किती वाटे?”

“बत्तीस. घरं एकतीस. शेत नसलेली, नायतर नावापुरतं असलेली. आमची, मांगवाड्यातली, मुसलमान शहांची, समदी. गवात शेळ्यास्नी, उरलं तर बाजारात पेंढी इकायची. त्याच्यावरच चूल.”

“घरं एकतीस, मग बत्तिसावा वाटा कुणाचा?”

“बियाचा. त्याला कुनी शिवायचं नाय. बी पडतंय त्याचं माळभर. दर साली दुसरीकडं.”

आफरीननं गजालाचा दंड इतका जोरात दाबला की ती कळवळली. माळाच्या उत्तरेला एक पट्टा होता, कमरेच्याही वर वाढलेला. तिथं तिनं सर्वांत जास्त प्रकारचं गवत मोजलं होतं. नऊ जाती! बाकी कुठंही पाचच्या वर नाहीत. ते का, हे तिला उलगडलं नव्हतं.

“कुठं लिहिलेलं आहे का हे? कुणाकडं कागद?”

“कागद कशाला? समद्यास्नी म्हाईत हाय.”

गजाला आता पुढं सरली. तिचा आवाज एकदम वेगळा झाला, मऊ आणि सावध. “मावशी, काचा बसणार म्हणून गावात सभा झाली म्हणे. तुम्ही होता?”

“सभा व्हय? झाली की. बाजारादिवशी झाली,” मुक्ताबाई म्हणाली. “आमी कन्नडला पेंढ्या इकत बसलेलो. सायेब लोक बी तुमच्यासारकेच, रिकाम्या जीपमधी आले. पारावरचा फकिरा म्हातारा तेवढा हुता. त्यानं आंगठा दिला. ‘माळावर कोन नसतंय’ म्हनून लिहून नेलं.”

कडूबाभाऊ जीपच्या बोनेटला टेकून बिडी ओढत होता, त्यानं मान दुसरीकडं वळवली.

“फकिरा आजोबांनी मलाही तेच सांगितलं होतं,” आफरीन म्हणाली. “मीसुद्धा तेच लिहून नेलंय, मावशी.”

मुक्ताबाईनं वहीकडं बोट केलं. “मंग आता काय लिहिनार?”

आफरीन वही उघडून उभी राहिली आणि म्हणाली, “मला वाटे दाखवता? सगळे. चालत.”

दोन तास ती मुक्ताबाईच्या मागं फिरली. वाटा कुणाचा, कधी कापायला घेतला, किती उरला. फोनमध्ये एकेक कोपरा टिपत गेली. उन्हानं नाक सोललं, ओढणीत कुसळं भरली, पाणी संपलं. मधेच बायकांच्या अगदी जवळ, वीस पावलांवर, कापलेल्या तुकड्यात धाविक पळताना दिसला, आणि कुणीच त्याच्याकडं बघेना.

“हा नेहमी असतो?” आफरीननं कुजबुजत विचारलं.

“त्यो? आमच्या मागं मागंच फिरतोय. कापलं की किडं उघडं पडतात ना. उंच गवतात त्याला पळता येत नाय.”

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. आफरीननं वही मांडीवर घेतली आणि पेन्सिल चालवायला सुरुवात केली. शेजारी गजाला डुलकी काढत होती. धाविक एकूण एकोणीस वेळा दिसला होता, प्रत्येक वेळची जागा नोंदवलेली. आता त्या जागांवर तिनं वाटे बसवले. पहिली नोंद, कापलेला वाटा. दुसरी, कापलेला. तिसरी, चौथी, पाचवी. वेरूळ मागं पडलं. अकरावी कापलेला, बारावी बांधावर. गाडी दौलताबादच्या घाटात वळणं घेत होती आणि अक्षर वेडंवाकडं येत होतं, पण तिला थांबवेना. एकोणिसावी नोंद बसली तेव्हा तिनं गजालाला गदागदा हलवलं.

“सतरा! एकोणीसपैकी सतरा कापलेल्या वाट्यांत!”

“हौ, हौ... घर आया?”

“नक्को सो! ऐक. धाविक तिथं आहे, कारण बायका तिथं आहेत. गवत टिकलंय, कारण बियाचा वाटा आहे. नऊ जाती आहेत, कारण एकतीस बायका चिठ्ठीचा शब्द पाळतात. मी तीन आठवडे ज्याला निसर्ग म्हणत होते ना, ते त्यांचं काम आहे!”

पुढच्या सीटवरचे काका वळून पाहायला लागले. गजालाची झोप उडाली होती. तिनं आफरीनचा चेहरा नीट पाहिला, आणि तिला जे आधी दिसलं ते आफरीनला अजून दिसलेलं नव्हतं.

“आफरीन,” ती हळू म्हणाली, “मग वर कुठला शब्द लिहिणार तू?”

आफरीनची पेन्सिल थांबली.

तो प्रश्न तिनं घरी नेला, जेवताना समोर ठेवला, सकाळी पुन्हा उचलला. धाविकाच्या इतक्या चोख नोंदी हातात होत्या. पर्यावरण लिहिलं तरी ते खोटं ठरलं नसतं. दुर्मीळ गवत, दुर्मीळ पक्षी, आठ महिने, आणि अभ्यासात बायकांचा उल्लेख करता आलाच असता. एका पानात. या ‘एका पानात’पाशी ती दर वेळी अडत होती. मग तिनं शाळेतल्या मुलासारखे दोन गोल काढले, एकात बायका, दुसऱ्यात माळ, आणि मधे बाण काढून पाहिला. कोण गेलं तर कोण जातं? बायका गेल्या तर गवत माजेल, पेटेल, धाविक जाईल. धाविक गेला तर? बायका कापत राहतील. बाण एकाच दिशेनं जात होता. मग सखोल काय तपासायचं, हे तिला दिसलं, आणि दिसल्यावर न दिसल्यासारखं करणं तिला जमणारं नव्हतं.

अठ्ठावीसला पावणेपाच वाजता तिनं टिपण सोनिया मॅडमच्या टेबलावर ठेवलं. वर एक शब्द होता. समाज.

मॅडमनी चष्मा चढवला. दोनदा वाचलं. बाहेर उस्मानपुऱ्याच्या रस्त्यावर रिक्षांचे भोंगे चालले होते.

“पाषाणाच्या भिंतीची चार पानं कुठं गेली?”

“काढली, मॅडम.”

“आणि ही तीन शून्यं? चुकीची निघाली ना? ती का ठेवलीस?”

“चुकीची नाहीत. त्या दिवशी खरंच कुणी नव्हतं. म्हणूनच ठेवली. शेजारी लिहिलंय बघा, तिन्ही दिवस बाजार. चौथ्या दिवशी बेचाळीस. आणि ज्या सभेत माळ पडीक ठरला ती सभासुद्धा बाजाराच्या दिवशी. माझी चूक आणि त्यांची चूक एकच आहे. ती दाखवायची तर शून्यं लागतीलच.”

मॅडमनी पान उलटलं. “धाविकाच्या नोंदी पक्क्या आहेत. अशा नोंदींवर कर्ज देणारे लगेच पर्यावरणाला हो म्हणतील. तुला माहीत आहे ना, हा शब्द लिहिला की आठ महिने कुणाकडं जातात?”

“माहीत आहे.”

“आणि तू?”

“बाटल्या,” आफरीन म्हणाली. पुढचं वाक्य घाईनंच बाहेर आलं. “पण मॅडम, आम्ही पक्षी मोजत बसलो आणि वाटे तसेच कागदाबाहेर राहिले, तर काचा बसल्यावर माझ्याकडं एका गेलेल्या पक्ष्याचा फार सुंदर अहवाल असेल. एकतीस घरांना आधी विचारलं पाहिजे. काचा दक्षिणेच्या खडकाळ भागात, जिथं वाटे नाहीत तिथं, सरकवता येतील का, वाटे कागदावर आणता येतील का, हे त्यांच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. पानभर जागा मला द्या धाविकासाठी. एका पानात बसवते.”

सोनिया मॅडमनी पेन उघडून तिच्यापुढं धरलं. “सही कर.”

आफरीननं सही केली. मॅडमनी टिपण स्कॅन करून पाठवून दिलं, तेव्हा पाचला चार मिनिटं होती. “सोमवारपासून लॅब,” त्या म्हणाल्या, आणि मग कधी नव्हे ते आणखी एक वाक्य बोलल्या. “चांगलं काम आहे.”

खाली चहाच्या टपरीवर गजाला वाट पाहत होती. आफरीन जिन्यावरून दोन दोन पायऱ्या टाकत आली.

“लिहिलंस?”

“लिहिलं. गेलं. अभ्यास तुझा.”

गजालानं कप खाली ठेवला. तिला आनंद झाला होता आणि तो दाखवावा की नाही, हे तिला कळत नव्हतं. “तुला वाईट वाटत असेल ना गं?”

“वाटतंय. खूप वाटतंय,” आफरीन म्हणाली. “वही काढ.”

“वही?”

“काढ लवकर, विसरेन मी. प्रश्न एक, वाटे पहिल्यांदा कधी पडले, कुणाला आठवतं. दोन, एका वाट्यातून किती पेंढ्या. पेंढी हातानं मोजू नकोस, वजन कर. तीन, चिठ्ठी निघाल्यावर अदलाबदल करता येते का. चार, लग्न होऊन आलेल्या सुनेला वाटा कधीपासून. पाच, ज्या वर्षी पाऊस पडत नाही त्या वर्षी बियाचा वाटा कापतात का, आणि ते ठरवतं कोण? हे फार महत्त्वाचं आहे, खाली रेघ मार.”

गजाला लिहीत सुटली. अकराव्या प्रश्नापाशी तिचं पेन थबकलं.

“अगे बाई, अभ्यास माझा आहे ना?”

“तुझाच आहे,” आफरीन तिचा चहा उचलून पीत म्हणाली. “म्हणून तर तू लिहितेयस. बारा...”